आमचे हे बुसानच्या मासळीबाजारात

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. मेट्रोच्या सरकत्या जिन्यावर पाय ठेवताना अजूनही देवाचं नाव घेते. पण त्या दिवशीची भीती वेगळी. ती आमच्या ह्यांच्या चांगुलपणाची भीती होती, आणि ती मला लग्न झाल्यापासून आहे.

आमचे हे म्हणजे श्रीरंग गुप्ते. चौऱ्याऐंशी साली समुद्रकाठच्या रेवदंड्याहून दिल्लीला आले, एका मंत्रालयात असिस्टंट म्हणून चिकटले आणि अंडर सेक्रेटरी होऊन रिटायर झाले. मयूर विहारला सोसायटीत फ्लॅट. साधा, सरळ माणूस. खोड एकच, कुणाला नाही म्हणता येत नाही. ऑफिसात दुसऱ्यांच्या फायली ह्यांच्या टेबलावर. महाराष्ट्रातून कुणीही आलं की लढाईचं स्मारक, तो काला अंब, दाखवायला पानिपतपर्यंत हेच जाणार, अंगात ताप असला तरी. आणि खाण्याच्या बाबतीत तर विचारूच नका. शेजारच्या मिसेस कौरने चौथा पराठा पुढे केला की हे म्हणणार, "बस जी, आधा!" आणि अख्खा खाणार.

पंधरा वर्षांपूर्वी एका लग्नात कुणीतरी असाच कोळंबीचा आग्रह केला. जन्मभर कोळंबी खाल्लेला माणूस, पण त्या दिवशी अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास अडकायला लागला. वाचले. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "मॅडम, अगली बार शायद टाइम नहीं मिलेगा." कोळंबी, खेकडे, शिंपल्या, सगळं बंद. तेव्हापासून प्रत्येक पंगतीत मी ह्यांच्या तोंडाकडे बघत बसते. लोकांना वाटतं, काय प्रेम आहे! प्रेम कसलं डोंबलाचं, पहारा आहे तो.

आमची देवयानी गुरुग्रामला एका कोरियन कंपनीत आहे. कंपनीने तिला दोन वर्षांसाठी बुसानला पाठवलं, आणि गेल्या एप्रिलमध्ये तिने आम्हाला तिकडे बोलावून घेतलं. पोचलो त्याच दिवशी तिने कोरियन भाषेत एक कार्ड छापून माझ्या पर्समध्ये ठेवलं. ह्यांना कोळंबी, खेकडे, शिंपल्या चालत नाहीत, जिवाला धोका आहे, असं त्यावर लिहिलेलं. "आई, बाहेर काहीही खायच्या आधी हे दाखवायचं. बिल्कुल विसरायचं नाही."

तिसऱ्या दिवशी ती ऑफिसला गेली आणि ह्यांनी बंदराजवळच्या मासळीबाजाराचा हट्ट धरला. मी म्हटलं, देवयानीला सुट्टी असेल तेव्हा जाऊ. "अगं, टुरिस्ट जातातच की रोज," म्हणाले आणि बूट घालून दारात उभे.

बाजारात पाऊल टाकलं. फरशी ओली, जिकडे तिकडे पाण्याच्या नळ्या. टाक्यांमध्ये हातभर लांब वाम एकमेकींत गुंतलेल्या. एक ऑक्टोपस टबाच्या काठावरून हळूच बाहेर निघाला होता आणि रबरी बूट घातलेली बाई त्याला न बघताच परत आत ढकलत होती. मी ह्यांच्या स्वेटरची बाही धरून चालत होते. आणि हे? ह्यांना जणू रेवदंडा सापडला. दिसेल त्या माशाचा कल्ला उचलून बघताहेत, "बघ, बघ, लालबुंद आहे!" मला ओरडून सांगत होते. एक सत्तरीची कोळीण, कुरळ्या केसांची, गुलाबी हातमोजे घातलेली, ह्यांच्याकडे बघून खदखदून हसली. ह्यांनी कल्ला कसा उचलला ते तिला आवडलं असावं. तिने ठेल्यामागच्या दोन बुटक्या स्टुलांवर आम्हाला बसवलं आणि एक मासा कापायला घेतला.

मी पर्समधून कार्ड काढलं. ह्यांनी माझा हात दाबला.

"अगं, एवढ्या प्रेमाने बसवलंय तिने, आणि तू तिच्या नाकासमोर कागद धरणार? साधा मासा आहे. ठेव आत."

मी ठेवलं. पंधरा वर्षं डोळ्यांत तेल घालून बसलेली मी, त्या एका मिनिटाला ठेवलं. हे मी देवयानीलासुद्धा अजून सांगितलेलं नाही.

म्हातारीने तळहातावर एक हिरवं पान घेतलं. त्यात माशाची कापं, लसणाची पाकळी, एका वाटीतलं चिमूटभर काहीतरी. पानाची पुरचुंडी केली आणि ह्यांच्या हातात न देता थेट तोंडाशी नेली. "आऽ" म्हणाली, लहान मुलाला म्हणतात तसं. ह्यांनी तोंड उघडलं.

तेव्हा माझं लक्ष त्या वाटीकडे गेलं. बारीक, गुलाबी, काळ्या ठिपक्यांएवढे डोळे. जवळा! म्हणजे इवलीइवली कोळंबीच ती, मीठ घालून मुरवलेली.

"अहो, थुंका! थुंका आधी!"

त्यांनी गिळलं होतं.

पाच मिनिटंसुद्धा गेली नाहीत. आधी मान खाजवायला लागले, मग कान लाल झाले, ओठ टम्म फुगले. मी पर्समधली ॲलर्जीची गोळी काढली, पण ती त्यांना गिळता येईना. घशातून शीळ घातल्यासारखा आवाज यायला लागला. मी मराठीत ओरडत होते, हिंदीत ओरडत होते, "कोई डॉक्टर बुलाओ यार!" आणि भोवती सगळे अनोळखी चेहरे. शेवटी मी ते कार्ड म्हातारीच्या हातात कोंबलं. तिने वाचलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिने किंचाळून शेजारणीला फोन करायला लावला, ह्यांना ओल्या फरशीवर आडवं केलं आणि पाय माशांच्या खोक्यावर ठेवले. त्यांचं डोकं तिने स्वतःच्या मांडीवर घेतलं होतं. मी ह्यांच्या बोटांची नखं बघत होते, निळी पडताहेत का म्हणून. आता संपलं, असंच मला वाटलं. ह्या माणसाला परक्या देशात फरशीवर मरू दिलं मी, एका कागदाची लाज वाटली म्हणून.

ॲम्ब्युलन्स आली. त्यातल्या माणसांनी तिथेच ह्यांच्या मांडीत इंजेक्शन दिलं. हॉस्पिटलपर्यंत मी फक्त ह्यांची छाती बघत होते, वर गेली, खाली आली, वर गेली.

दुपारी तीनपर्यंत धोका टळला. देवयानी धावत आली, रडली, मला आणि बाबांना दोघांनाही रागावली आणि मग हॉस्पिटलचे कागद भरायला खाली गेली. खोलीत आम्ही दोघंच उरलो, तेव्हा मला कंठ फुटला.

"दिसलं होतं तुम्हाला, काय घातलं ते?"

"हो."

"जवळा आहे ते कळलं होतं?"

"वास आला की. रेवदंड्याचा आहे मी, कळणार नाही होय?"

इतका वेळ मी समजत होते की फसले बिचारे. "मग तोंड उघडलंत कशाला? जीव नकोसा झालाय? का त्या बाईला नाही म्हणायची भीड वाटली?"

सुजलेल्या ओठांनी नीट बोलता येत नव्हतं.

"भीड नाही गं, सुमा. आई गेल्यापासून कुणी भरवलं नव्हतं मला. हात तोंडाशी आला आणि... काही सुचलंच नाही."

ह्यांची आई गेली तेव्हा हे वीस वर्षांचे होते. पण माझं डोकंच फिरलं. "आणि मी? सदतीस वर्षं दोन्ही वेळा काय केलं मी?"

"तू वाढलंस," ते म्हणाले. "खूप छान वाढलंस. आपल्या लग्नातली ती जिलबी सोडली तर..." आवाजात तक्रार नव्हती, म्हणूनच ते मला इतकं लागलं. जिलबीचा तो घाससुद्धा मी फोटोग्राफरने सांगितलं म्हणून भरवला होता.

नर्स ट्रे ठेवून गेली. वाडग्यात भाताची पेज होती. मी तिला परत बोलावलं, फोनवरून भाषांतर करून दोनदा विचारलं, मग जवळ्याचा वास नाही ना म्हणून स्वतः एक चमचा खाऊन पाहिला. ह्यांनी चमच्यासाठी हात पुढे केला. मी तो बाजूला केला.

"राहू द्या," म्हटलं, आणि चमचा भरून त्यांच्या तोंडाशी नेला. अर्धी पेज चादरीवर सांडली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. ॲम्ब्युलन्समध्येसुद्धा मला इतकी भीती वाटली नव्हती.