फवारणीची वही आणि स्वयंपाकघरातलं कॅलेंडर

प्रमाणपत्रासाठीच्या तपासणीची तारीख कळली तेव्हा हातात बावीस दिवस होते. मी त्याच दुपारी यादी केली. पाण्याचा अहवाल, मातीचा अहवाल, खतांची नोंद, फवारणीची नोंद, मजुरांचं प्रशिक्षण, प्रथमोपचाराची पेटी, रिकाम्या बाटल्यांची खोली, शेताचा नकाशा. प्रत्येक ओळीसमोर कोण करणार आणि कधीपर्यंत, हे लिहिलं. माझं माहेर धुळ्याचं. लग्नाआधी तिथल्या एका तेलाच्या मिलमध्ये मी स्टोअर सांभाळत होते, आणि यादीशिवाय काम सुरू करायचं नाही ही सवय तेव्हापासूनची.

फैजपूरजवळच्या आमच्या केळीला निर्यातीसाठी प्रमाणपत्र घ्यावं, हा आग्रह माझा होता. घडांना पिशव्या घालणं, कापलेला घड जमिनीवर न टेकवणं, सगळं वर्षभर माझ्या सांगण्यावरून चाललं होतं. प्रमाणपत्र मिळालं तर परदेशी माल पाठवणारं पॅकहाउस माल घेणार होतं. नाही मिळालं तर नेहमीसारखा व्यापाऱ्याचा ट्रक भरायचा, आणि पुढे घरात माझ्या यादीकडे कुणी बघितलं नसतं.

दहा दिवसांत बहुतेक ओळींवर खुणा झाल्या. अडलं ते फवारणीपाशी. वही उघडली तर जूनच्या मध्यापासून पुढे कोरी. पावसात पानं भिजली म्हणून नवऱ्याने ती वाळत ठेवली होती, आणि वाळल्यावर परत लिहायला घेतलीच नव्हती. पानांवरच्या करपा रोगासाठी सगळ्यात जास्त फवारण्या नेमक्या त्याच दिवसांत झालेल्या.

मोठे दीर, म्हणजे नाना, जेवताना म्हणाले, "त्यात काय. एक दिवस बसा नि भरून टाका."

मी म्हटलं, "एका बैठकीत भरलेली वही लगेच ओळखू येते, नाना. एकच पेन, एकच अक्षर, एकही खाडाखोड नाही."

नाना माझ्याऐवजी नवऱ्याकडे बघून म्हणाले, "यांना सांग, चार पेनं आणून देतो. निळी, काळी, पाहिजे ती."

नवरा हसला. मला हसू आलं नाही. खोटी वही पकडली गेली तर एक वही जात नाही, सगळी फाइल जाते.

दुसऱ्या दिवशी मी फवारणी करणाऱ्या आबांना ओट्यावर बसवलं. आबा शिरपूरकडचे, वीस वर्षं आमच्याकडे. लिहिता येत नाही, पण पंप कसा धुवायचा ते त्यांच्याकडून शिकावं. मी विचारलं, आंब्याच्या शेतातल्या केळीवर शेवटची फवारणी कधी केली?

"बठ्ठं मना ध्यानमा शे, ताई," आबा म्हणाले. "पोयाना पह्यलेच करी."

सगळं लक्षात होतं म्हणे, पोळ्याच्या आधीच केली. मी लिहून घेतलं. औषधाच्या दुकानाच्या पावत्या माझ्याकडे होत्या, म्हणजे काय आणलं ते कळत होतं. पण कोणत्या शेतात, कोणत्या दिवशी, हे आबांच्या आठवणीवरच होतं.

तेवढ्यात आतून मोठ्या जाऊबाई, आमच्या अक्का, पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आल्या. "पोळ्याच्या आधी कशाची? पोळ्याचं पुरण होऊन गेलं होतं. तुम्ही फवारणीच्या दिशी उडीद-ज्वारीच्या कळण्याची भाकर नि ठेचा खाल्ला, आबा. मी आंब्याच्या शेतात डबा धाडला होता."

आबा म्हणाले, "भाकर तं रोजच खातो ना, अक्का."

"कळण्याची रोज कुठी करते मी? तुम्हाला काय, ताटात पडलं की सगळं सारखंच."

अक्का आत गेल्या आणि भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यासकट उपटून घेऊन आल्या. मी ते रोज बघत होते आणि कधी वाचलं नव्हतं. दुधाचे खाडे, सिलिंडर, आणि मधूनमधून बारीक अक्षरात: फ. आंबा, चार. फ. विहीर, तीन. फवारणी असली की तेवढ्या माणसांच्या भाकरी, कुठल्या शेतात धाडायच्या ते शेत, आणि आल्यावर अंघोळीला तापवायचं पाणी. चार महिन्यांतली एकही फवारणी सुटली नव्हती. ज्या दिवशी पाऊस येऊन काम अर्धवट राहिलं, तिथे अक्कांनी लिहिलं होतं: भाकरी परत आल्या.

पोळ्याची तारीख बघितली. आंब्याच्या शेतातली फवारणी पोळ्यानंतर तिसऱ्या दिवशी होती.

आबांनी कॅलेंडरकडे बघून मान हलवली. "खरं शे, अक्का. तुनं खरं शे."

मला आनंद व्हायला हवा होता, पण आधी बोटांवर दिवस मोजले. बाटलीवर फवारणीनंतर कापणीपर्यंत थांबायचे दिवस लिहिलेले असतात. आबांनी पूर्वी सांगितलेली हीच तारीख धरून आंब्याच्या शेताची कापणी ठरली होती. अक्कांची तारीख धरली तर कापणी पाच दिवस लवकर पडत होती. मी पॅकहाउसला फोन केला. ते म्हणाले, पाच दिवस थांबू, पण सहावा नको, घड पिकायला लागतील.

नानांना सांगितलं तेव्हा त्यांनी कॅलेंडरवरची तारीख स्वतः बघितली. मग नवऱ्याला म्हणाले, "कापणीवाल्यांना निरोप दे. नि चार पेनांचं राहू दे."

मी जुनी वही तशीच कोरी ठेवली. पहिल्या कोऱ्या पानावर एवढंच लिहिलं की या काळात नोंद झाली नाही, कारण काय, आणि पुढचा तक्ता कॅलेंडर, पावत्या व फवारणाऱ्याचं सांगणं यांवरून आज तयार केला आहे. खाली आजची तारीख घातली. कॅलेंडर फाइलला जोडलं.

तपासणीला आलेले साहेब तरुण होते आणि कमी बोलत होते. कोऱ्या पानांवर ते थांबले. मग कॅलेंडर उघडून त्यांनी विचारलं, "हे कोणी लिहिलं?"

अक्का चहा घेऊन दारातच थबकल्या. "मीच. का? भाकरींचं पण सर्टिफिकेट लागतं का आता?"

साहेब हसले. मग त्यांनी कॅलेंडरवरच्या पाच तारखा निवडल्या आणि पावत्यांशी ताडून बघितल्या. पाचही जुळल्या. नकाशा काढून त्यांनी विचारलं, आंब्याच्या शेतात आंबा कुठे आहे?

नाना म्हणाले, "आमच्या वडलांच्या काळात पडला. नाव कसं पाडणार?"

साहेबांनी आबांना बाजूला घेऊन विचारलं, औषध मिसळताना काय घालता? आबांनी हातमोजे, चष्मा, बूट सगळं आणून पुढे ठेवलं. शेवटी साहेबांनी आंब्याच्या शेताच्या कापणीची तारीख विचारली, बोटांवर दिवस मोजले, आणि कागदावर बरोबरची खूण केली. ती खूण मी समोरून उलटी वाचली.

तीन त्रुटी निघाल्या. पेटीतलं एक मलम मुदत संपलेलं, बाटल्यांच्या खोलीला कुलूप नाही, आणि फवारणीची नोंद त्याच दिवशी झाली पाहिजे. पहिल्या दोन मी संध्याकाळपर्यंत मिटवल्या. तिसरीसाठी नाना बाजारातून जाड पुठ्ठ्याची वही घेऊन आले आणि त्यांनी ती अक्कांपुढे ठेवली.

"मले नको," अक्का म्हणाल्या. "वही कपाटात जाते. कॅलेंडर डोळ्यापुढं राहते."

बरोबर होतं. मी पद्धत बदलली. पहिली नोंद कॅलेंडरवर, अक्कांच्या हातची. त्याच संध्याकाळी नवरा ती वहीत उतरवतो आणि आबा शेजारी अंगठा उठवतात. महिना संपला की पान फाइलला.

पुढे ढकललेल्या कापणीच्या त्या पाचव्या दिवशी सकाळी प्रमाणपत्राचा मेल आला तेव्हा कापणी सुरू झाली होती. घड गाद्यांवर ठेवून पॅकहाउसच्या गाडीकडे नेले जात होते आणि एकही जमिनीला टेकत नव्हता. मी बांधावर उभी राहून मेल मोठ्याने वाचला, वरच्या तारखेपासून खालच्या सहीपर्यंत. नाना नवऱ्याला म्हणाले, "यांना सांग, परत एकदा वाचा."

मी परत वाचला.