ओठांना दिलेले दोन दिवस

आमच्या घरात कॉलेजात पोचलेला मी पहिलाच. म्हणून शहाण्यासारखं लिहावं असं वाटतं, पण ही आठवण तशी नाही.

सेलूच्या एका बँडात मी ट्रंपेट वाजवायचो. पहिला ट्रंपेट, म्हणजे सगळ्यांपुढं राहून मुख्य चाल वाजवायचा मान, माझ्याहून मोठ्या एकाकडे होता. बँड शिकवणारे उस्ताद म्हणाले, "पोखर्णीच्या जत्रेत ज्याचा सूर टिकंल, तो वर्षभर पुढं." त्यावर तो पहिला ट्रंपेटवाला सगळ्यांदेखत म्हणाला, "ह्यो मेंढक्या? ह्याला शीळ घालून मेंढरं हाकू द्या!" सगळे हसले. मला न्यायला आलेले वडील दारात घोंगडी घेऊन उभे होते. त्यांनी ऐकलं आणि मान खाली घातली.

त्या दिवसापासून मी माळावर मेंढरांमागं ट्रंपेट फुंकत सुटलो. उस्ताद ओठांना आराम म्हणून शुक्रवारी सुट्टी देत, तीही पाळली नाही. जत्रा दोन दिवसांवर आली आणि वरचा ओठ फाटला.

उस्तादांनी ट्रंपेट काढून घेतला. "आरे बाबा, पितळ घासलं की चमकतं, ओठ घासला की फाटतो. जत्रेपातुर तोंड लावशील तर खबरदार!"

मी ओठांना लोणी लावून पडून राहिलो. काठीवर बोटं दाबत मनात चाली म्हणायचो आणि मध्येच त्या पहिल्या ट्रंपेटवाल्याचं तोंड डोळ्यांपुढं आणायचो. तो गावभर सांगायलाय म्हणे, "मेंढक्या थकला." चहाच्या दुकानापुढं, अडतीपुढं, कुणी म्हणेल तिथं तो दिवसभर वाजवीत होता. उस्तादांनी त्यालाही टोकलं होतं. तो म्हणाला, "आराम कच्च्या गड्यांना."

जत्रेत उस्तादांनी माझा ट्रंपेट परत दिला आणि पालखी उठली. त्याचे पहिले दोन सूर गेले, मग नुसती हवा. ओठ सुजून जाड झाले होते. त्यानं माझ्याकडं बघून डोळ्यांनी विनवलं, सूर तू घे म्हणून. मला लगेच घेता आलं असतं. मी थांबलो. त्याला पुन्हा फुंकू दिलं, पुन्हा हवाच निघाली. लोक हसायला लागले. वडील गर्दीत कुठं आहेत ते मी आधी पाहून ठेवलं होतं. ते बघतायत याची खात्री केली आणि मग सूर लावला. देवळापर्यंत तो तुटला नाही.

नंतर तो आडावर ओला पंचा तोंडाला धरून बसला होता. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "दादा, आता निवांत आराम करा. वर्ष पडलंय."

तो उठून गेला. वडील म्हणाले, "बस झालं, लेकरा."

मला अजून बस झाल्यासारखं वाटत नव्हतं.