चासिबचे बूट आणि कुरळं पाणगवत

चासिबच्या पायाच्या बोटांना डोळे आहेत, असं तो स्वतःच गावभर सांगायचा. दलदलीच्या गढूळ पाण्यात कमरेपर्यंत उभं राहून तळातलं गवत बोटांनी चाचपायचं आणि उपटून होडीत टाकायचं, हे तिथं सगळ्यांनाच येतं. पण वाकून बघण्यात चासिबला कमीपणा वाटायचा.

त्या संध्याकाळी मुलीला मागणी घालायला पाहुणे मुक्कामाला येणार होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्यापुढे गैमर, म्हणजे म्हशीच्या दुधाची जाड साय, ठेवली नाही तर सोयरीक बोंबललीच म्हणायची. आणि नेमकी म्हैस दूध चोरून बसलेली. तिला कुरळं पाणगवतच हवं होतं. चासिबनं होडीभर गवत आणून टाकलं. म्हशीनं हुंगलं आणि तोंड फिरवलं.

त्याच्या बायकोनं, बदरियानं, एक काडी उचलली. "अहो, हे काय आणलंत? याची पानं दांड्याभोवती गोल फुटलीत, बाटली घासायच्या ब्रशासारखी. शिवाय पानाच्या टोकाला फाटे. आपल्या कुरळ्याचं पान एक इकडे, एक तिकडे. कडा चुणीदार, दांडा चपटा. आंधळ्यालाही कळेल."

"पाण्याखाली सगळं सारखंच लागतं."

"मग बोटांचे डोळे काय झोपले होते?"

मग तिची नजर त्याच्या पायांकडे गेली. होणाऱ्या व्याह्यांनी धाडलेले रबरी बूट मान राखायचा म्हणून बिचारा पाण्यातसुद्धा काढत नव्हता.

बदरियानं दटावल्यावर तो परत गेला, बूट काढून होडीत टाकले आणि उतरला. बोटांना चुणीदार कडा लागल्या तसा त्याचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात पाहुण्यांची होडी समोर ठाकली, वेळेच्या आधीच. पुढं होणारे व्याही शनावा, मागं त्यांची बायको पेंगत बसलेली.

शनावांनी होडीत उताणे पडलेले बूट पाहिले. "पसंत नाही पडले वाटतं?"

चासिबला थंडगार पाण्यात घाम फुटला. लग्न मोडतंय या भीतीनं त्याला थाप काही सुचेना.

"बूट झकास आहेत, व्याहीबुवा. पण त्यांना गवत ओळखता येत नाही. म्हशीला ब्रश खायला घातला मी."

शनावांनी वळून बायकोकडे पाहिलं. ती झोपलीय याची खात्री करून त्यांनी हळूच स्वतःचे बूट काढले, तेही तसलेच, आणि चासिबशेजारी पाण्यात उतरले.

"दोन्ही जोड हिनंच निवडलेत," ते कुजबुजले. "महिना झाला, घरात साय नाही. सोयरीक पक्की समजा, पण आधी ते कुरळं कुठं लागतंय ते दाखवा."