आकडेबाईंनी लिहिलेला आकडा

आमच्या वॉर्डाच्या सिस्टर उभ्याउभ्या डुलकी घेत, पण हातातला पेन कधी सुटत नसे. चाळीस खाटा आणि दोन नर्सेस. थकवा त्यांच्या अंगाला स्पिरिटच्या वासासारखा चिकटलेला. आम्ही शिकाऊ डॉक्टर पाठीमागे त्यांना आकडेबाई म्हणत असू.

ऐंशीच्या दशकात नागपूरच्या त्या इस्पितळात रक्तातली साखर खाटेपाशीच मोजणारं छोटं यंत्र आलं. तोवर लघवी उकळून रंग बघायचा, नाहीतर प्रयोगशाळेच्या कागदाची दुपारपर्यंत वाट बघायची. मला यंत्राचं भारी कौतुक. आकडेबाईंना नव्हतं. त्यात काही साठत नसे; बंद केलं की आकडा गेला. "लोकाइले कामाले लावते आन् स्वतः कोरं," त्या म्हणत.

म्हणून तक्ता घेऊन त्या स्वतः खाटेपाशी उभ्या राहत. पेशंटला नाव विचारत, आकडा डोळ्यांनी बघत, लिहीत, आणि मगच यंत्र बंद करू देत. "आकडा तोंडानं नेऊ नका गा, डॉक्टर. सांडते वाटेत." एकदा मी चिडलो, "सिस्टर, दहा पावलं तर आहेत!" "मंग चाला ना दहा पावलं. पाय काय घरी ठेवून आले?"

एका सकाळी मोठ्या डॉक्टरांची फेरी यायची होती. आकडेबाई लांब एका सलाइनपाशी अडकलेल्या. मी यंत्र हातात घेऊन पेशंटच्या खाटेपासूनच ओरडलो, "सात नंबर, तीनशे वीस! लिहून टाका."

"थांबा, मी येऊन राहिली."

"किती वेळ लावता सिस्टर! लिहा."

आदल्या संध्याकाळपासून त्या ड्युटीवर होत्या. त्यांनी लिहिलं. माझ्यासमोर तरी पहिल्यांदाच, न बघता. आणि तक्त्याप्रमाणे इन्सुलिन दिलं.

ती साखर नऊ नंबरची होती. सातवर पारशिवनीची एक म्हातारी होती. दुपारी ती बेशुद्ध पडली. ग्लुकोज चढवून जीव वाचला, पण पोराला नावानं हाक मारणं गेलं ते गेलंच.

चौकशीत मी सांगितलं, "मी नऊच म्हणालो होतो." आज पहिल्यांदा लिहितो: मी खोटं बोललो. यंत्र कोरं होतं, तक्त्यावरचं अक्षर सिस्टरांचं होतं, आणि पेशंटांना कोणी विचारलं नाही. सिस्टरांची बदली खाप्याला झाली.

जायच्या दिवशी त्या मला जिन्यात भेटल्या. वाटलं, शिव्या देतील. द्याव्यात, असंही वाटलं. पण त्यांनी हळूच विचारलं, "डॉक्टर, खरं सांगा गा. तुम्ही सातच म्हटलं होतं ना? मी कोणाले सांगत नाही. मले आता माह्याच कानाचा भरवसा नाही राहिला, आन् तिथंही हेच काम करायचं हाय."

जिन्यात आम्ही दोघंच होतो.

"नाही सिस्टर," मी म्हणालो. "नऊ."

त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"असंन मंग," त्या म्हणाल्या, आणि कठडा धरून एकेक पायरी उतरत गेल्या.