बाबांचा अंगठा आणि पहेलवानाचे जोडे

आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. घराण्यातला सर्वात अचूक तांत्रिक निर्णय मात्र चौथी पास माणसाने घेतला, तोही चुकून, तोही अंगठ्याने. (बाबा सही करतात, आणि झोकदार करतात. अंगठ्याचा संबंध फक्त मोबाईलशी आहे, हे आधीच सांगून ठेवतो. बाबा हे वाचणार आहेत.)

बी.एस्सी. झाल्यावर पुढचं काही ठरेपर्यंत मी सिहोऱ्यात मोबाईलवर लढाई खेळत होतो. पाच आमचे, पाच त्यांचे, दोन किल्ले. माझा वीर म्हणजे कुऱ्हाड घेतलेला एक आडदांड गडी. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक होतं, म्हणून आम्ही त्याला पहेलवान म्हणायचो. भंडाऱ्याला जिल्ह्याची स्पर्धा जाहीर झाली आणि कप सिहोऱ्यात येणार, हे मी गावभर सांगूनही टाकलं.

नेमके धानाच्या रोवणीचे दिवस. बाबांनी शांतपणे अट घातली, "जिंकला तं यंदा बांधीत पाय नोको ठेवू. हारला तं रोवणी सरेपर्यंत पऱ्ह्याच्या पेंड्या तूच वाहायच्या." बांधी म्हणजे गुडघाभर चिखलाचं धानाचं शेत, आणि पऱ्ह्याच्या पेंड्या म्हणजे रोपांच्या ओल्या जुड्या. एक पेंडी हलकी असते. दिवसभरात किती वाहाव्या लागतात, ते विचारू नका.

आता मुद्द्याची गोष्ट. या खेळात दर सीझनला प्रत्येकाला एकच तारा मिळतो. तो ज्या वस्तूला लावाल ती वस्तू सुधारते, आणि एकदा लावला की परत फिरत नाही. पहेलवानाची कुऱ्हाड सुधारली की तिच्यातून आग निघते. सगळं जग कुऱ्हाडीलाच तारा लावतं. मीही लावणार, तेवढ्यात माय आडवी आली.

"एवढ्या मोठ्या कामाले जाऊन राहिला, अन् बाबाचा हात नाई लावत?"

आमच्याकडे हा नियमच आहे. पेरणीची पहिली मूठ बाबांच्या हातची. नव्या मोटरपंपाचं बटण बाबांनी दाबलं. माझ्या कॉलेजच्या फॉर्मवरचं पहिलं अक्षरसुद्धा त्यांनीच लिहिलं (त्यामुळे फॉर्म दोनदा आणावा लागला). मी मोबाईल पुढे केला आणि कुठे दाबायचं ते दाखवलं. बाबांनी खांद्यावरच्या दुपट्ट्याला हात पुसले, पूर्वेकडे तोंड केलं आणि अंगठा टेकवला.

स्क्रीनवर कुऱ्हाड आणि तिच्या शेजारचे चामडी जोडे, दोन्ही मिळून हरभऱ्याएवढे. बाबांचा अंगठा विळ्याच्या मुठीएवढा. टण्ण असा आवाज झाला आणि जोडे चमकायला लागले!

"झालं ना?" बाबांनी विचारलं.

"झालं," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? मायनं मोबाईलला कुंकू लावलं. ते कॅमेऱ्यावर बसलं. माझे फोटो आजही जरा लालसर येतात.

आमच्या संघातला माझा चुलतभाऊ नंदू हे बघून ओसरीवरच लोळला. "पहेलवानाले जोडे? लढाईत जाऊन राहिला का वरातीत बे?"

त्याचं चूक नव्हतं. ते सुधारलेले जोडे घातले की दलदलीत वेग कमी होत नाही, एवढाच त्यांचा गुण. आणि दलदलीत जातं कोण? नकाशाच्या मधोमध ती पसरलेली, तिच्यात पाय टाकला की वीर कासव होतो. म्हणून सगळे बाजूच्या रस्त्याने फिरून जातात. संपूर्ण खेळातली सर्वात बिनकामाची वस्तू कोणती, यावर मी स्वतः आमच्या ग्रुपवर दोन परिच्छेद लिहिले होते. नंदूने ते मोठ्यानं वाचून दाखवले. बाबाही ऐकत होते.

स्पर्धेला बाबा सोबत आले, कारण पितळेचा गुंड, म्हणजे पाण्याचा मोठा हंडा, भंडाऱ्याला दुरुस्तीला द्यायचा होता. दुकान बंद निघालं, म्हणून गुंड मांडीवर घेऊन ते माझ्या मागच्या खुर्चीवर बसले. नंदूच्या कृपेने आम्ही फायनलला पोचलो, आणि तिथे मी चार वेळा मेलो. समोरच्यांच्या कुऱ्हाडीतून आग, माझ्या कुऱ्हाडीतून नुसता आवाज. डोळ्यांपुढे पेंड्याच पेंड्या दिसायला लागल्या.

मागून बाबा वाकले. "बापू, हा तुहा गडी धुऱ्याधुऱ्यानं काहून फिरून राहिला? मंधातून सरळ जा ना."

"बाबा, ती दलदल आहे."

"मंग? बांधीच तं आहे. अन् जोडे देल्ले ना मी त्याले."

धुरा म्हणजे बांधीची मातीची पाळ. जगभरातले खेळाडू ज्याला रस्ता समजतात तो बाबांना धुरा दिसत होता. त्यांना खोटं पाडायचं म्हणूनच मी पहेलवानाला दलदलीत घातलं. आणि तो धावला! माझ्यामागे आलेले दोघं म्हशीसारखे रुतून बसले. बाकीचे रस्त्याने वळसा घालून येईपर्यंत मी त्यांचा किल्ला पाडून मोकळा.

जिंकल्यावर एकाने व्हिडिओ काढत माईक पुढे धरला आणि विचारलं, ही आयडिया कोणाची? इथे पदवी माझ्या डोक्यात गेली. मी म्हणालो, "सखोल अभ्यास. विज्ञानाचा विद्यार्थी असल्यामुळे मी घर्षणाचा विचार केला. शिवाय चिखल माझ्या रक्तात आहे." मागे बाबा गुंड मांडीवर घेऊन बसले होते. नंदूला अचानक खोकला आला.

बक्षीस कप आणि पांढरेशुभ्र बूट. आम्ही गावात पोचायच्या आधी व्हिडिओ पोचला होता.

तिसऱ्या दिवशी मी नवे बूट घालून बांधीवर चहा घेऊन गेलो. अटीप्रमाणे मी मोकळा, म्हणून ऐटीत धुऱ्यावर उभा. रोवणाऱ्या बायांतल्या वच्छलाकाकूंनी कंबर सरळ केली. "चिखल रक्तात आहे म्हंते ना बापू? चार पेंड्या तं आणून दे."

"नोको सांगू त्याले," बाबा म्हणाले. "थो जिंकला आहे."

हा मान मला सोसवला नाही. मी बुटांसकट उतरलो. पहिलं पाऊल झकास पडलं. दुसऱ्याला पाय वर आला, बूट नाही. तिसऱ्याला पायही आला नाही. चौथं पाऊल मी तोंडाने टाकलं, नुकत्याच रोवलेल्या ओळीवर.

बाया हसल्या, ते सांगत नाही. बाबा सावकाश आले आणि त्यांनी हात पुढे केला. "घर्षण कमी पडलं का?"

तोंडातला चिखल थुंकून मी सगळ्यांदेखत म्हणालो, "जोडे बाबांनी देल्ले होते. आयडियाही त्यांचीच होती."

"मालूम आहे," बाबा म्हणाले. "मी मांगंच बसलो होतो."

एक बूट सापडला. दुसरा धान कापल्यावर निघेल, असं बाबा म्हणतात. जिंकूनसुद्धा रोवणी सरेपर्यंत पेंड्या मीच वाहिल्या, अनवाणी. नव्या सीझनचा तारा कुठे लावायचा, याचा मात्र मी सखोल अभ्यास केला आहे: मोबाईल बाबांच्या अंगठ्याखाली धरायचा आणि आपण डोळे मिटून घ्यायचे.