पहिली रजा कुणाची?

जपानमधल्या एका सिटी हॉलच्या कर्मचाऱ्यांचे रजेचे अर्ज कागदावरून संगणकावर आणायचं काम आमच्या कंपनीला मिळालं, तेव्हा मी मनात म्हटलं, हा तर डाव्या हाताचा मळ. चाचणी महिनाभर चालणार होती. ती फसली तर फेब्रुवारीत कंत्राट संपणार आणि आम्ही पुण्याला परत. मार्चमध्ये माझ्या लेकीचा प्राथमिक शाळेचा, सहावीचा निरोपसमारंभ होता. हिगाशी-कसाईतल्या शाळेत ती पहिलीपासून त्याच मैत्रिणींबरोबर शिकत होती. तिला त्या दिवसाआधी उचलून न्यायचं, हे मला मुळीच नको होतं.

सिस्टीम उत्तम चालली. दोन आठवड्यांत अर्ज मात्र एकही आला नाही! जिथं तिथं मी चुका शोधत बसले. शेवटी रजा सांभाळणाऱ्या वयस्कर बाईंनी मला चहा दिला आणि हळूच सांगितलं, "पूर्वी मी आठवडाभराचे कागद गोळा करून काचोंसमोर एकदम ठेवायचे. पहिला कोण, ते कळायचंच नाही."

काचो म्हणजे विभागप्रमुख. आणि मी शहाणीनं काय केलं होतं? प्रत्येक अर्ज वेळेसकट, क्रमांकानं, त्यांच्या स्क्रीनवर झळकवला होता. त्यांनी स्वतः उन्हाळ्यापासून रजा घेतली नव्हती. मग त्यांच्या आधी एक नंबरला कोण जाणार?

मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला मीच निघाले. "काचो-सान, पहिली रजा तुम्ही घ्याल का?"

सगळे कीबोर्ड थांबले. माझे कान तापले.

"पण कारण काय लिहू?" त्यांनी गंभीरपणे विचारलं.

"कारणाचा रकानाच नाही. मी काढून टाकलाय."

ते इतके मोठ्यानं हसले, की बाईंच्या कपातला चहा हिंदकळला. त्यांनी शुक्रवारची रजा टाकली. सोमवारी सकाळी दहा मिनिटांत अकरा अर्ज आले. क्रम आणि वेळ मी त्याच दिवशी पुसून टाकली.

कंत्राट वाढलं. घरी सांगितलं तर लेक "यात्ता! जमलं!" म्हणत सोफ्यावर नाचली. मग थांबून जपानीत म्हणाली, "मार्चमधला तो समारंभ बुधवारी आलाय. तू येणार ना?"

"बघते गं," मी म्हणाले. आमच्या कंपनीच्या कावासाकीतल्या ऑफिसात रजेचा अर्ज अजून कागदावरच, आणि आमच्या साहेबांनी वर्षभरात एकही दिला नव्हता.

"काचो-सानना सांगायला बरी घाबरली नाहीस," ती म्हणाली.

मला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी अर्ज भरला. कारणाच्या रकान्यात आमच्याकडे सगळे 'खासगी' लिहितात. मी लिहिलं, 'लेकीचा निरोपसमारंभ', सहीऐवजी नावाचा शिक्का मारला आणि साहेबांच्या रिकाम्या ट्रेमध्ये नेऊन ठेवला.