शनिवारी बदललेली कॉइल

पनवेलला एका डॉक्टरीणबाईंच्या प्रसूतिगृहात मी नर्स होते, स्वातंत्र्यानंतरची पहिली काही वर्षं. बाईंची एक जुनी विलायती गाडी होती आणि त्या ती स्वतः चालवत. खेड्यातून बोलावणं आलं की आम्ही दोघी निघायचो. पण त्या उन्हाळ्यात गाडीला विचित्र खोड लागली. चार-पाच मैल गेली की बंद पडायची. अर्ध्या तासाने, जणू काही झालंच नाही अशी पुन्हा सुरू व्हायची. प्लग बदलले, पेट्रोलची नळी साफ केली, फरक नाही. एकदा विचुंब्याच्या अलीकडे बंद पडली, तेव्हा बाळंतिणीकडे आम्ही बैलगाडीतून पोचलो. सगळं नीट झालं.

आमच्या मागच्या गल्लीत एक बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू, गृहस्थ राहत; सगळे त्यांना काका म्हणत. मोटारींच्या कारखान्यात जन्म घालवून निवृत्त झालेले. बाई गाडी थेट त्यांच्या दारात घेऊन गेल्या. वार शनिवार आहे, म्हणजे त्यांचा कामाला हात न लावण्याचा शब्बाथ, हे दोघींच्याही ध्यानात नव्हतं. काका धुतलेल्या सदऱ्यात ओट्यावर बसले होते.

"आज मी हात लावणार नाही," ते म्हणाले. "उद्या सकाळी या."

"उद्या सकाळी सुकापूरला जायचंय, काका. दिवस भरलेत तिचे."

काका ओट्यावरून उतरून गाडीपाशी आले. मग म्हणाले, "मी नुसतं सांगतो. करायचं तुम्ही."

त्यांनी गाडी तिथेच चालू ठेवायला लावली. पाऊण तासाने ती आचके देत थांबली.

"आता तापलीय तोवर बघायचं. सिस्टर, प्लगांना वीज वाटतो तो हा डिस्ट्रिब्युटर, त्याच्या टोपीच्या मधली जाड वायर काढा. कोरड्या लाकडी चिमट्यात धरा. टोक इंजिनच्या लोखंडापासून गव्हाच्या दाण्याएवढं लांब. बाई, स्विच चालू करून हँडल मारा."

बाईंनी पदर खोचला आणि हँडल फिरवलं. टोकाशी एक पिवळट, मरतुकडी ठिणगी लुकलुकली, तेवढंच. काकांनी मग एका छोट्या बल्बने कॉइलपर्यंत, म्हणजे ठिणगीसाठी विजेचा जोर वाढवणाऱ्या तारेच्या गुंडाळीपर्यंत, वीज येतेय का ते पाहायला लावलं. येत होती. डिस्ट्रिब्युटरच्या आतले, वीज जोडणारे-तोडणारे पॉइंटही स्वच्छ होते. काकूंनी आदल्या दिवशी केलेले लाडू दिले, इंजिन निवलं, आणि आम्ही तीच वायर पुन्हा धरली. या वेळी निळी ठिणगी तडतडत उडाली. मी दचकले, पण चिमटा सोडला नाही.

"कॉइलच," काका म्हणाले. "गार असते तोवर काम करते. तापली की आतली तार दगा देते."

त्यांच्याकडे तशाच गाडीची एक जुनी, पण चांगली कॉइल होती. कुठल्या पेटीत, ते त्यांनी सांगितलं. आधी बॅटरीची वायर सोडायला लावली. कॉइलच्या दोन बारीक वायरी अदलाबदल होऊ नयेत म्हणून मी एकीला बँडेजची चिंधी बांधली. कॉइल धरून ठेवणाऱ्या पट्टीचे दोन स्क्रू काढायला बाईंना बराच वेळ लागला. टाके घालणारा तो हात, पण गंजलेल्या स्क्रूपुढे घामाघूम झाला. काकांची कॉइल बसवून वायरी जागच्या जागी लावल्या आणि पुन्हा गाडी चालू ठेवली. तास झाला तरी ती चालत होती. शेवटी काकाच म्हणाले, "बंद करा आता, पेट्रोल जळतंय."

दुसऱ्या दिवशी सुकापूरला आम्ही वेळेआधी पोचलो. मुलगी झाली. बाळाच्या आजीने अंगणात उभ्या असलेल्या गाडीकडे बघून विचारलं, "बाय, कोन चालवतो ही?"

"मीच," बाई म्हणाल्या, आणि थोडं थांबून, "दुरुस्तही आम्हीच करतो."

सोमवारी सकाळी काका स्क्रू-ड्रायव्हर घेऊन प्रसूतिगृहात आले. बॉनेट उघडून त्यांनी आमचं काम बारकाईने पाहिलं, एक स्क्रू अर्धा फेरा आवळला आणि हात पुसत म्हणाले, "चालेल." आम्ही दोघी दिवसभर खुशीत होतो.